आजाराचं दुसरं बिल

(चिंतामणराव देशमुख यांच्या स्मृत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



चिंतामणरावांच्या नावाचं व्याख्यान आणि विषय आजारपणाचा विमा, हे पत्रिकेत वाचून काहींना नवल वाटलं असेल. विमा कंपनीतून निवृत्त झालेली बाई आपल्या नोकरीचंच दळण इथे दळणार, असंही वाटलं असेल. पण विषय मी ओढूनताणून आणलेला नाही. चिंतामणरावांचं नाव निघालं की रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आठवतात, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारा करारी माणूस आठवतो. त्यांचं एक काम मात्र आपल्या घराघरात पोचलं आणि त्यावर त्यांचं नाव राहिलं नाही. १९ जानेवारी १९५६ला त्यांनी रेडिओवरून सांगितलं की देशातल्या आयुर्विमा कंपन्यांचा कारभार सरकार हाती घेत आहे. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा एकूण २४५. वटहुकुमाचा सुगावा कुणाला लागू दिला नव्हता. लागला असता तर काही तिजोऱ्या रातोरात हलक्या झाल्या असत्या. विमेदारांचा पैसा मालकांच्या दुसऱ्या धंद्यांत वळत होता, आणि जेमतेम दीड महिन्यापूर्वी खासदार फिरोझ गांधींनी लोकसभेत उद्योगपती दालमियांच्या विमा कंपनीची लक्तरं काढली होती. आयुर्विमा महामंडळ प्रत्यक्ष सुरू झालं १ सप्टेंबरला. तोवर चिंतामणराव मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते.

या महामंडळानं आपल्याला हप्ता भरायला शिकवलं. मार्च जवळ आला की एजंटकाका घरी येणार, वडील चष्मा लावून सह्या करणार, कपाटातल्या रेक्झिनच्या पिशवीत आणखी एक पॉलिसी जाऊन पडणार. इथल्या बहुतेकांनी हे पाहिलेलं आहे. त्या पिशवीत दोन प्रसंगांची सोय होती: माणूस गेला तर, आणि माणूस मुदतीपर्यंत राहिला तर. माणूस आहे, पण कामावर जाऊ शकत नाही, या तिसऱ्या प्रसंगाचं काय? त्याची तरतूद तिच्यात नव्हती. तीस वर्षांनी, १९८६ साली, सरकारी जनरल इन्शुरन्स कंपन्यांनी मेडिक्लेम आणली. मी नोकरीला लागले तेव्हा ती नवीन होती. लोकांचा पहिला प्रश्न असे, "पैसे परत कधी मिळणार?" आजारी पडला नाहीत तर कधीच नाही, असं सांगितलं की गिऱ्हाईक छत्री उचलून निघे.

आता तसं राहिलेलं नाही. करोनानंतर तर लोक स्वतःहून विचारत येतात. पण नोकरीचा बराचसा काळ क्लेम विभागात काढल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे आणि आज तीच सांगायची आहे. मोठ्या आजाराची दोन बिलं असतात. एक रुग्णालयाचं. ते छापील असतं, त्याला नंबर असतो, खाली शिक्का असतो. आपली सगळी तयारी त्याच्यासाठी असते. दुसरं बिल घराचं. ते कुणी छापून देत नाही, म्हणून त्याची बेरीज कुणी करत नाही. ज्यांचा क्लेम पै न पै मंजूर झाला अशी घरंही वर्षभरात मोडकळीला आलेली मी पाहिली आहेत, ती या दुसऱ्या बिलानं.

बेरीज करून बघू. घर माझ्या कल्पनेतलं आहे, आकडे मात्र तुमच्या ओळखीचे वाटतील. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत काम करणारा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ, हातात पगार ४८ हजार. फ्लॅटचा हप्ता साडेसोळा हजार, किराणा-वीज-गॅस मिळून पंधरा, मुलाच्या शिक्षणाचे सहा, गावाकडे आईवडिलांच्या औषधांचे तीन. म्हणजे साडेचाळीस हजार जागच्या जागी जातात. एके दिवशी त्याला पक्षाघाताचा झटका येतो. रुग्णालयाचं बिल होतं ३ लाख २० हजार. कंपनीची पाच लाखांची पॉलिसी आहे, कॅशलेस होतं, खिशातून फारसं काही जात नाही. घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, बरं झालं बाबा, विमा होता.

नंतर शिल्लक रजा संपते आणि बिनपगारी सुरू होते. रोज घरी येणारा फिजिओथेरपिस्ट पाचशे रुपये घेतो. रविवार वगळून तेरा हजार. उठवायला-बसवायला दिवसपाळीचा माणूस ठेवला तर सातशे रुपये रोज, म्हणजे एकवीस हजार. घरखर्च साडेचाळीस धरून महिन्याचे झाले साडेचौऱ्याहत्तर हजार, आणि त्याचा पगार शून्य. आठ महिन्यांत हा आकडा सहा लाखांच्या घरात जातो, रुग्णालयाच्या बिलाच्या जवळपास दुप्पट. यात सासूबाईंना गावाहून बोलावून घेतल्याचा, बायकोनं आपली नोकरी अर्ध्या वेळेवर आणल्याचा, मुलाची शिकवणी बंद केल्याचा हिशेब धरलेलाच नाही.

देशपातळीवरही हे बिल कुणाच्या वहीत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. चांगलीच गोष्ट आहे. पण हा खर्च डॉक्टर, औषधं, तपासण्या आणि रुग्णालयं यांचा. आठ महिने न आलेला पगार त्यात नाही, कारण तो आरोग्यावरचा खर्चच नव्हे.

मग लोक काय करतात? आधी फिक्स मोडतात. मग पतसंस्था, मग सराफ, मग भावाकडून हातउसने, आणि शेवटी गावाकडच्या जमिनीची बोलणी. हा क्रम मी इतक्या घरांत पाहिला की पुढची पायरी आधीच सांगता यायची. कुणी म्हणेल, घराच्या कर्जाबरोबर बँकेनं विमा दिला होता की! पॉलिसी काढून वाचा. बहुतेक वेळा ती कर्जदाराच्या मृत्यूची असते. कर्जदार जिवंत आहे तोवर हप्ता चालू.

गंमत अशी की हे दुसरं बिल भरणारी एक व्यवस्था आपल्याकडे आहे, आणि मध्यमवर्ग तिच्याकडे नाक मुरडून पाहतो. १९४८च्या कायद्यानं आलेली राज्य कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआय. तिच्या दवाखान्यांबद्दल बोलायला लागले तर व्याख्यान तिथेच संपेल, पण तिच्या रचनेत शहाणपण आहे. कामगार आजारी पडला तर उपचार वेगळे आणि पगाराच्या ७० टक्के रोख भत्ता वेगळा, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कर्करोग, क्षय यांसारख्या यादीतल्या दीर्घ आजारांना काही अटींवर ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. आजारी माणसाच्या घरातली चूलही पेटती राहिली पाहिजे, हे ज्यांनी कायदा केला त्यांना कळलं होतं. मात्र पगाराची मर्यादा २०१७ पासून २१ हजार आहे. पगार त्यावर गेला की माणूस यथावकाश योजनेबाहेर जातो आणि आपल्याला बढती मिळाली म्हणून पेढे वाटतो.

उरलेल्यांना हे बिल स्वतःच भागवायला हवं. त्यासाठी विम्याचा जो प्रकार आहे तो एका डॉक्टरच्या डोक्यातून निघाला. डॉ. मारियस बर्नार्ड हे दक्षिण आफ्रिकेतले हृदयशल्यविशारद. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनमध्ये जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण झालं, त्या चमूत ते होते. चमूचे प्रमुख ख्रिस्तियान बर्नार्ड त्यांचे थोरले बंधू. मारियस यांच्याकडे चौतीस वर्षांची एक बाई आली. घटस्फोटित, पदरात दोन मुलं, फुप्फुसाचा कर्करोग. शस्त्रक्रिया चांगली झाली. दोन वर्षांनी ती पुन्हा आली ती धापा टाकत. आजार उलटला होता आणि तरी ती रोज कामावर जात होती, कारण मुलांच्या तोंडी घास घालणारं दुसरं कुणी नव्हतं. आपण तिची छाती दुरुस्त केली, तिचा संसार दुरुस्त करणं आपल्या हातात नव्हतं, हे बर्नार्ड यांच्या मनातून जाईना. त्यांनी विमा कंपन्यांचे उंबरठे झिजवले आणि १९८३ साली क्रुसेडर लाइफ या कंपनीनं अशी पहिली पॉलिसी विकायला काढली. तिच्यात आजार चारच होते: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग आणि बायपास.

आपल्याकडे हिला क्रिटिकल इलनेस पॉलिसी म्हणतात. बिलं दाखवायची नाहीत. यादीतला आजार झाला, निदान सिद्ध झालं, आणि बहुतेक पॉलिसींत त्यानंतर तीस दिवस माणूस हयात राहिला, की ठरलेली रक्कम एकदम हातात येते. तिचं काय करायचं ते घरानं ठरवावं. हप्ते भरा, आया ठेवा, पोराची फी भरा, कुणी विचारणार नाही. पॉलिसी घेतल्यापासून साधारण पहिले नव्वद दिवस ती लागू होत नाही, हे ध्यानात ठेवा. म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर एजंटला फोन करून उपयोग नाही. असे फोन येतात, दर आठवड्याला येतात.

मी इथे पॉलिसी विकायला आलेली नाही, म्हणून हिचे दातही दाखवते. नाव सारखं असलं तरी आजार सारखा नसतो. पॉलिसीतल्या व्याख्या विमा नियामकानं ठरवून दिलेल्या आहेत आणि त्या कडक आहेत. कर्करोग म्हणजे पसरण्याची प्रवृत्ती असलेला. अगदी प्राथमिक, जागच्या जागी असलेला धरत नाहीत. पक्षाघातात मेंदूच्या कार्यातली कायमची उणीव किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. बायपासच्या व्याख्येत छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया बसते, अँजिओप्लास्टी बसत नाही. "स्टेंट टाकला तरी बाईंनी पैसे नाकारले," म्हणून आमच्या टेबलावर मूठ आपटणारे लोक मी पाहिले. त्यांचं चुकत नव्हतं, त्यांना विकताना कुणी व्याख्या वाचून दाखवली नव्हती. आयुर्विम्याला जोडून रायडर म्हणून हे संरक्षण घेत असाल तर आणखी एक प्रश्न विचारा: आजाराचे पैसे मूळ विम्यातून वजा होणार की वेगळे मिळणार? वजा होणार असतील तर आज पोट भरायला दिलेले दहा लाख उद्या विधवेच्या रकमेतून गेले.

रक्कम किती असावी? माझं मत विचाराल तर दोन वर्षांचा घरखर्च. सातपूरच्या त्या घराला साडेचाळीसला चोवीसनं गुणून पावणेदहा लाखांच्या आसपास, म्हणजे दहा लाख. एवढी पॉलिसी परवडत नसेल तर सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला ठेवणं हेही दुसऱ्या बिलाचीच तयारी आहे, आणि त्याला कुठली व्याख्या आड येत नाही.

इथे थोडं थांबते, कारण आता जे सांगायचं आहे त्यावर पुरुष मंडळी घड्याळ बघतात. विमा घ्यायची वेळ आली की घरात प्रश्न असतो, कमावतं कोण? मग पॉलिसी त्याच्या नावावर. मेडिक्लेममध्ये बायकोचं नाव असतं, पण क्रिटिकल इलनेस तिच्यासाठी? ती तर घरीच असते. भारतात बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. केमो महिनोन्महिने चालते. त्या काळात सकाळचे डबे, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची इन्सुलिनची सुई, दुधाचा हिशेब, हे सगळं थांबतं आणि विकत घ्यावं लागतं. स्वयंपाकाची बाई, पोळ्यांची बाई, म्हाताऱ्यांजवळ बसायला कुणी, आणि केमोला बरोबर जायचं म्हणून नवऱ्याची बिनपगारी रजा. पगार नसलेल्या माणसाचं दुसरं बिल पगारदाराच्या बिलापेक्षा लहान असतं असं मला कधी दिसलं नाही. कंपन्या गृहिणींना कमी रकमेची पॉलिसी देतात, पण देतात. मागावी लागते.

आता पहिल्या बिलाकडे येते. ते विम्यानं भागतं असं मी मघाशी सहज म्हणून गेले, पण त्यातही ठेच लागायच्या जागा आहेत. सर्वांत मोठी खोलीभाड्याची. समजा पॉलिसी तीन लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे तीन हजार. पेशंट दाखल करताना काउंटरवरचा मुलगा विचारतो, शेअरिंग देऊ की सिंगल? आपण म्हणतो, सिंगल द्या, वरचे पैसे आम्ही भरू. सिंगल सहा हजारांची. पाच दिवस राहणं झालं. खोलीचे तीस हजार, सर्जन-ऑपरेशन थिएटर-नर्सिंगचे १ लाख ६० हजार, औषधं आणि इम्प्लांटचे नव्वद हजार. एकूण २ लाख ८० हजार, तीन लाखांच्या आतच. घरच्यांचा अंदाज असतो की वरचे पंधरा हजार द्यावे लागतील. कंपनी मात्र म्हणते, तुमचा हक्क निम्म्या भाड्याच्या खोलीचा होता, म्हणून खोलीचे निम्मे आणि खोलीच्या दर्जाबरोबर वाढणारे सर्जन वगैरेंचे खर्चही निम्मे. औषधं-इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही, तसा २०२०चा नियम आहे. तर पंधरा हजार, ऐंशी हजार आणि नव्वद हजार मिळून १ लाख ८५ हजार मंजूर. घरानं भरायचे ९५ हजार, वर हातमोजे, डायपर वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे वेगळे. काउंटरवर उभं असताना पॉलिसीतली ही एक ओळ माहीत असती तर शेअरिंग खोलीत डास जास्त चावले असते, एवढंच. नवी पॉलिसी घेत असाल तर खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घ्या, थोडी महाग पडली तरी.

दुसरं, टॉप-अप. पाच लाखांच्या मूळ पॉलिसीवर आणखी पंधरा-वीस लाखांचं संरक्षण त्यातून स्वस्तात मिळतं. पण टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाच लाखांची पायरी असलेला साधा टॉप-अप एका वेळचं बिल पाच लाखांवर गेलं तरच उघडतो. कर्करोगाचं बिल तसं येत नाही. ते ऐंशी ऐंशी हजारांच्या सायकलनं येतं. वर्षात आठ सायकल झाल्या तर ६ लाख ४० हजार, आणि त्यातलं एकही बिल पाच लाखांचं नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो आणि वरचे १ लाख ४० हजार देतो. नावात एक शब्द कमी म्हणून लोक साधा घेऊन बसतात. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवर सगळी मदार असलेल्यांनी तर हा विचार आजच करावा. मोठ्या आजारात पहिली जाते ती नोकरी, आणि तिच्याबरोबर ती पॉलिसी.

हप्ते वाढले आहेत हे खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला, तेवढा दिलासा. त्याआधी एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतर नवी पॉलिसी नाही ही वयाची अटही गेली. पण पासष्टीत घेतलेली पॉलिसी आणि पस्तिशीत घेतलेली पॉलिसी यांच्या हप्त्यांत जो फरक पडतो, तो बघून मुलगे आईवडिलांकडे बघतात आणि गप्प बसतात.

यानंतरचा भाग मला सर्वांत जवळचा. क्लेमचा निकाल रुग्णालयात लागतो असं लोकांना वाटतं. तो पुष्कळदा तीन-चार वर्षं आधी, तुमच्या दिवाणखान्यात, चहाच्या कपाशेजारी लागलेला असतो. प्रपोजल फॉर्म भरायचा असतो. एजंट विचारतो, "बीपी, शुगर वगैरे काही नाही ना?" प्रश्न विचारण्याची ही तऱ्हाच पाहा, उत्तर त्यातच घालून दिलेलं आहे. आपण म्हणतो, "तसं काही नाही, एक गोळी घेतो सकाळी." एजंट 'नाही'वर खूण करतो. गोळी घेतल्यानं बीपी बरोबर असतं, म्हणजे बीपी नाही, असं दोघांनाही मनापासून वाटत असतं. तीन-चार वर्षांनी गृहस्थ रात्री दोन वाजता छातीत दुखतं म्हणून कॅज्युअल्टीत. बरोबर पुतण्या. निवासी डॉक्टर, तेवीस-चोवीस वर्षांचं पोर, उभ्या उभ्या विचारतं, काकांना आधीचं काही? पुतण्या म्हणतो, "बीपी आहे ना, दहा वर्षं झाली असतील." खरं तर सहाच झालेली असतात. केसपेपरच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत उमटतं: रक्तदाब, दहा वर्षं. आमच्या टेबलावर फाइल आली की आम्ही पहिल्यांदा तेच पान उघडायचो.

त्यावर उपाय अवघड नाही. फॉर्म स्वतः वाचून भरा, गोळी असेल तर गोळीचं नाव लिहा. फार तर हप्ता थोडा वाढेल, फार तर त्या आजाराच्या संरक्षणासाठी थांबावं लागेल. हे थांबणं पूर्वी चार वर्षांपर्यंत असे, २०२४च्या नियमांनी ते जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलं. आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवल्याचा मुद्दा काढून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध केल्याखेरीज. ही मुदत आधी आठ वर्षं होती. सलग म्हणजे सलग. नूतनीकरणाची तारीख हुकली आणि सवलतीचे दिवसही उलटले, तर गणपती विसर्जन करून पुन्हा पाटावर बसवायचा. पुतण्याच्या बाबतीत एवढंच की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. जुनी चिठ्ठी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवली असेल तर फारच उत्तम.

सहीबद्दलही सांगायला हवं, कारण ते कुणी सांगत नाही. माणूस व्हेंटिलेटरवर आहे, शुद्ध नाही. पैसे आहेत, पण त्याच्या एकट्याच्या खात्यात. वारस म्हणून तुमचं नाव लावलेलं आहे, पण ते मृत्यूनंतर उपयोगी पडतं. तो तर जिवंत आहे. मुखत्यारपत्र करून ठेवलं होतं? आपल्या १८७२च्या करार कायद्याप्रमाणे, करून देणाऱ्याची बुद्धी चालेनाशी झाली की मुखत्यारीही संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो निकामी. कोमातल्या नवऱ्याचं पालकत्व मिळावं म्हणून बायका उच्च न्यायालयात गेल्या आहेत, आणि मुंबई उच्च न्यायालयानं ते दिलंही आहे. पण आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बाईनं वकील शोधायचा कधी? निदान घरखर्चाचं खातं दोघांच्या नावानं, दोघांपैकी कुणाच्याही एका सहीवर चालणारं असू द्या. बँकेत एक फेरी, एक फॉर्म.

सरकारी योजनांविषयी एक गैरसमज असा की त्या पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांच्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतला जोडलेली आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि २०२३च्या निर्णयानं पांढऱ्या कार्डालाही ती खुली झाली. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात दारातच आरोग्यमित्र बसतो, आधी त्याच्याकडे जावं, डिपॉझिट भरण्याआधी. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, हेही विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. यातली प्रत्येक योजना पहिल्या बिलाची आहे, हे मात्र विसरू नका.

परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर जी कुटुंबं दिसतात, त्यांतल्या पुष्कळांचे उपचार सवलतीत किंवा मोफतही चालू असतात. त्यांना परवडत नाही ती मुंबई. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत या रुग्णांना आणि नातलगांना आसरा मिळतो. पेशंटबरोबर आलेल्या माणसानं निजायचं कुठे आणि जेवायचं काय, हा प्रश्न हातात खराटा घेऊन फिरणाऱ्या त्या माणसानं विमा कंपन्यांच्या कितीतरी आधी ओळखला होता.

शेवटचा मुद्दा, क्लेम नाकारला तर. नकार तोंडी घेऊ नका, पत्र मागा आणि त्यात पॉलिसीतलं कोणतं कलम लावलं आहे ते बघा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलं पण पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईला आणि पुण्याला कार्यालयं आहेत. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लावू देत नाहीत, आणि निवाडा तुमच्या बाजूनं लागला तर कंपनीला तो तीस दिवसांत पाळावा लागतो. विरुद्ध लागला तर ग्राहक न्यायालयाची वाट मोकळी राहते. मी कंपनीच्या बाजूनं तिथे उभी राहिलेली आहे. समोर एखादी बाई हातात पिशवी घेऊन एकटीच आलेली असे, मराठीत बोलत असे, आणि तिचे कागद तारखेनं लावलेले असले की आमचा कस लागे. कंपनीचं उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांना अर्धा तास दिला आहे. निमंत्रणपत्रिकेत सांगितल्याप्रमाणे ज्यांनी आपली पॉलिसी बरोबर आणली आहे त्यांनी तिच्यातलं खोलीभाड्याचं पान काढून ठेवा. तिथपासून सुरुवात करू.